लॉगिन झाल्यावर पुन्हा कीरिंगचा पासवर्ड मागतो, एसएसएच किल्लीही दर वेळी उघडावी लागते (मिंट, एक्सएफसीई)

ग्रंथपाल_सावंतवाडी

नमस्कार. सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचनालयाचा लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा. त्यावर लिनक्स मिंट २१.३, एक्सएफसीई डेस्कटॉपसह आहे. पुस्तकांची आणि सभासदांची नोंद कोहा या वाचनालयाच्या प्रणालीमध्ये, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी आरसिंकने (फाइलींची नक्कल उतरवणाऱ्या प्रोग्रामने) त्याचा बॅकअप लॅपटॉपवर उतरवून घेते.

त्रास असा आहे. लॅपटॉप लावला की थेट डेस्कटॉप येतो, पासवर्ड विचारत नाही. क्रोमियम उघडायला गेलं की मध्येच करडी चौकट येते: तुम्ही लॉगिन केलंत तेव्हा लॉगिन कीरिंग (साठवलेल्या पासवर्डांची कुलूपबंद पेटी) उघडलं गेलं नाही, पासवर्ड द्या. मी लॅपटॉपचाच पासवर्ड घालते, तर तो चुकीचा आहे म्हणते. रद्द केलं की पुन्हा येते. दोन-तीनदा रद्द केल्यावर ब्राउझर उघडतो, पण साठवलेला एकही पासवर्ड त्यात दिसत नाही. मग कोहात हाताने लॉगिन, मेलमध्ये हाताने लॉगिन.

एरवी मी हे चालवून घेतलं असतं. पण पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून चार-पाच वेळा लाईट जाते आणि लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरलेली आहे. लाईट गेली की तो तत्क्षणी बंद. काल सातवीतली एक मुलगी पुस्तक बदलायला आली होती, भिजलेली छत्री हातात धरून ती दहा मिनिटं टेबलासमोर उभी राहिली आणि मी त्या चौकटीशी झगडत होते. शेवटी कागदावर नोंद करून तिला पुस्तक दिलं.

दुसरी अडचण एसएसएचची, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या सोयीची. आरसिंक चालवलं की दर वेळी किल्लीचा (सर्व्हरवर ओळख पटवणाऱ्या फाइलचा) पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, विचारतो, आणि माझा पासफ्रेज २६ अक्षरांचा आहे.

हे मार्चपासून सुरू झालं. आमचे जुने लिपिक निवृत्त झाले, पासवर्ड त्यांनाच माहीत होता. माझा भाचा आला होता, त्याने रिकव्हरी मोडमध्ये जाऊन नवा पासवर्ड दिला. सहायकांना सोपं पडावं म्हणून त्याच दिवशी ऑटो-लॉगिनही चालू केलं.

कीरिंग आणि एसएसएचचा एजंट (उघडलेली किल्ली सांभाळणारा प्रोग्राम) लॉगिनबरोबर आपोआप सुरू होऊन आपोआप उघडावेत, असं करता येईल का? एका व्हिडिओत सांगितलं की कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवा. मला ते पटत नाही, कारण सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्या कोहात आहेत.

चिपळूणचा_उबुंटूवाला

ताई, मी घरच्या लॅपटॉपवर रिकामाच ठेवलाय. चौकट परत आली नाही. मेनूमध्ये 'पासवर्ड्स अँड कीज' उघडा, डावीकडे 'लॉगिन' दिसेल, त्यावर उजवं बटण दाबून पासवर्ड बदला आणि नव्या पासवर्डच्या जागी काहीच लिहू नका.

जुना_सिसअ‍ॅडमिन

ताई, तुम्हाला जे पटत नाही ते बरोबरच पटत नाही. रिकामा ठेवू नका. कीरिंगला पासवर्ड असतो तेव्हा त्याची फाइल एईएस या पद्धतीने कूटबद्ध होऊन डिस्कवर राहते. पासवर्ड रिकामा केला की तीच फाइल साध्या मजकुरात लिहिली जाते. सीहॉर्स, म्हणजे तोच 'पासवर्ड्स अँड कीज', तसं करताना बजावतोही, पण लोक घाईत पुढे जातात. मग लॅपटॉप दुरुस्तीला दिला किंवा कुणी पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालू केली, की ती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते. घरच्या लॅपटॉपचं ज्याने त्याने ठरवावं. तुमच्याकडे गावातल्या लोकांची माहिती आहे.

आता मूळ दुखणं. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी बिघडल्यात आणि दोन्हींसाठी चौकट मात्र एकच येते, म्हणून गोंधळ होतोय.

लॉगिनच्या पडद्यावर आपण पासवर्ड टाइप करतो तेव्हा तो पॅमकडे, म्हणजे लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेकडे जातो. पॅम ही एक साखळी आहे. त्यातली एक कडी पासवर्ड खरा की खोटा ते पाहते. पुढची कडी, पॅम-ग्नोम-कीरिंग, तोच पासवर्ड धरून ठेवते आणि सेशन सुरू होताना कीरिंगचा डिमन (मागे चालणारा प्रोग्राम) उठवून त्याच्या हातात देते. कीरिंगचा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डासारखाच असला की ते उघडतं आणि तुम्हाला काही कळतही नाही. ऑटो-लॉगिनमध्ये कुणी पासवर्ड टाइपच करत नाही, त्यामुळे त्या कडीकडे द्यायला काही नसतं. बोटाच्या ठशाने लॉगिन करणाऱ्यांनाही हीच चौकट याच कारणाने दिसते.

दुसरी गोष्ट भाच्याने बदललेला पासवर्ड. आपण आपल्या खात्यातून पासवर्ड बदलतो तेव्हा आधी जुना द्यावा लागतो. जुना आणि नवा दोन्ही हातात असल्यामुळे पॅम कीरिंगचाही पासवर्ड सोबत बदलून घेतं. रिकव्हरी मोडमध्ये रूट (सर्व अधिकार असलेलं खातं) असतो, त्याला जुना विचारलाच जात नाही. लॉगिनचा पासवर्ड बदलला, कीरिंग मात्र लिपिकांच्या जुन्या पासवर्डावरच राहिलं. म्हणून तुम्ही बरोबर पासवर्ड घालूनही ते नाही म्हणतंय.

तेव्हा पहिलं काम जुना पासवर्ड शोधण्याचं. लिपिकांना फोन करा, कुठे लिहून ठेवलाय का विचारा. सापडला तर तो देऊन सीहॉर्समध्ये 'लॉगिन' कीरिंगचा पासवर्ड बदला आणि नवा पासवर्ड अक्षर न अक्षर लॉगिनचाच ठेवा. मगच ऑटो-लॉगिन बंद करा.

कुणी सांगेल की तुमच्या होम फोल्डरमधल्या कीरिंग्ज फोल्डरातली 'लॉगिन' फाइल उडवून टाका, पुढच्या लॉगिनला नवी बनते. बनते, हे खरं. पण क्रोमियम त्याचे पासवर्ड स्वतःकडे कूटबद्ध करून ठेवतो आणि ते उघडायची 'सेफ स्टोरेज' नावाची किल्ली कीरिंगमध्ये असते. कीरिंगची फाइल गेली की ते पासवर्डही वाचता येणार नाहीत. जुना पासवर्ड सापडणारच नाही अशी खात्री झाली तरच तो मार्ग धरा, आणि तेव्हाही फाइल पुसू नका, दुसरीकडे हलवून ठेवा.

सहायकांसाठी वेगळं खातं करा. एकाच खात्यात तिघं बसली की कुणाचं काय साठवलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

ग्रंथपाल_सावंतवाडी

दादा, इतकं नीट समजावलंत, मनापासून आभार. लिपिकांना फोन केला. ते म्हणाले, २०२१ ची ग्रंथ दाखल नोंदवही बघा, शेवटच्या पानाच्या मागे. कपाटातून काढली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला होता, थोडा पुसट. एक अक्षर एल आहे की आकडा १, ते कळेना. दुसऱ्या प्रयत्नाला उघडलं.

सीहॉर्समध्ये पासवर्ड बदलला, ऑटो-लॉगिन बंद केलं, पुन्हा सुरू करून पाहिलं. लॉगिनला एकदा पासवर्ड दिला आणि क्रोमियम काही न विचारता उघडला. कोहाचा पासवर्ड जागेवर आहे.

एसएसएच मात्र अजून विचारतंच. टर्मिनलमध्ये एसएसएच-अ‍ॅड डॅश एल दिलं तर 'द एजंट हॅज नो आयडेंटिटीज' असं उत्तर येतं. म्हणजे एजंट चालू आहे, पण त्याच्याकडे किल्ली नाही, बरोबर ना?

आर्चवाली_नागपूर

बरोबर. आता प्रश्न असा की तो एजंट कोणता. लिनक्स डेस्कटॉपवर हे काम करायला तीन-चार जण तयार असतात, आणि एसएसएच-ऑथ-सॉक या व्हेरिएबलमध्ये ज्याचा पत्ता शेवटी लिहिला जातो त्यालाच एसएसएच विचारतं. टर्मिनलमध्ये एको ही आज्ञा देऊन तो पत्ता बघा. टीएमपी फोल्डरातला असेल तर ओपनएसएसएचचा साधा एजंट. शेवटी कीरिंग आणि एसएसएच असेल तर ग्नोम कीरिंग. जीसीआर दिसलं तर ग्नोमचा नवा एजंट, आणि जीएनयूपीजी दिसलं तर जीपीजी-एजंट.

माझा अंदाज, तुमच्याकडे टीएमपी निघेल. ग्नोम कीरिंगचा एसएसएचचा भाग ज्या फाइलने सुरू होतो, ती ऑटोस्टार्टच्या फोल्डरात असते, पण तिच्यात ग्नोम, माटे (MATE) अशा ठरावीक डेस्कटॉपचीच नावं असतात. एक्सएफसीई त्यात नाही, म्हणून तो ती सोडून देतो. सेटिंग्जमध्ये 'सेशन अँड स्टार्टअप' उघडा, 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये जा, 'लाँच ग्नोम सर्व्हिसेस ऑन स्टार्टअप' वर खूण करा. लॉगआउट करून परत या.

साध्या एजंटवरही भागतं. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये अ‍ॅड-कीज-टू-एजंट येस अशी एक ओळ लिहिली (२०१६ च्या ओपनएसएसएच ७.२ पासून ही सोय आहे) की पहिल्यांदा पासफ्रेज दिल्यावर किल्ली एजंटकडे राहते. पण ती फक्त मेमरीत. लॅपटॉप बंद झाला की गेली. तुमच्याकडे लाईट दिवसातून पाच वेळा जात असेल तर २६ अक्षरं पाच वेळा. म्हणून तुम्हाला कीरिंगच सोयीचं. पासफ्रेज विचारणाऱ्या चौकटीत 'लॉगिन असताना ही किल्ली आपोआप उघड' अशा अर्थाची खूण असते, ती केली की पासफ्रेज कूटबद्ध होऊन लॉगिन कीरिंगमध्ये जातो.

मिंट २२ वर जाल तेव्हा हा पत्ता पुन्हा एकदा तपासा. ग्नोम कीरिंगच्या ४६ व्या आवृत्तीपासून एसएसएचचा भाग मूळ बांधणीत बंद ठेवलेला आहे आणि ते काम जीसीआरच्या स्वतंत्र एजंटकडे गेलंय. आर्च लिनक्सवर मला ते अपडेटनंतर एका सकाळी कळलं. तिथे सिस्टमडीमध्ये (सेवा चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेत) आपल्या खात्यापुरतं जीसीआर-एसएसएच-एजंटचं सॉकेट चालू करावं लागतं आणि व्हेरिएबलमध्ये नवा पत्ता द्यावा लागतो.

केडीई_ठाणे

प्लाझ्मा (केडीईचा डेस्कटॉप) वापरणाऱ्या कुणी हा धागा वाचला तर: आपल्याकडे हेच काम केवॉलेट करतं. पॅममधून आपोआप उघडायला तीन अटी आहेत. वॉलेटचं नाव 'केडीईवॉलेट' हेच हवं, पासवर्ड लॉगिनचाच हवा, आणि वॉलेट बनवताना ब्लोफिश ही कूटपद्धत निवडलेली हवी. जीपीजी निवडलं असेल तर ते आपोआप उघडत नाही. मी सुरुवातीला जीपीजी जास्त भक्कम म्हणून निवडलं होतं आणि दोन दिवस पॅमच्या फाइली उगाच चाळल्या.

ग्रंथपाल_सावंतवाडी

ताई, टीएमपीच निघालं. तुम्ही सांगितलेली खूण केली, परत लॉगिन केलं, आता पत्त्यात कीरिंग दिसतंय. पण एसएसएच-अ‍ॅड अजूनही म्हणतं एकही ओळख नाही, आणि आरसिंक पासफ्रेज टर्मिनलमध्येच विचारतं, चौकट येतच नाही.

आर्चवाली_नागपूर

एसएसएचच्या फोल्डरात किल्लीच्या शेजारी तिची पब फाइल आहे का? कीरिंग त्या फोल्डरातल्या किल्ल्या आपणहून उचलतं, पण सार्वजनिक अर्धी किल्ली शेजारी असेल तरच. ती नसली तर खाजगी फाइलकडे ते बघतही नाही.

ग्रंथपाल_सावंतवाडी

नाही! एकच फाइल आहे. मार्चमध्ये भाच्याने घरच्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर आणली होती, तेवढीच आणली. आता घरी जाऊन दुसरी आणावी लागेल का?

जुना_सिसअ‍ॅडमिन

नको. खाजगी किल्लीवरून सार्वजनिक किल्ली केव्हाही काढता येते. एसएसएच-कीजेन डॅश वाय डॅश एफ, पुढे किल्लीच्या फाइलचं नाव, आणि येणारं उत्तर त्याच नावाला डॉट पब जोडलेल्या फाइलमध्ये वळवा. पासफ्रेज एकदा विचारेल. उलट मात्र होत नाही, पबवरून खाजगी किल्ली कधीच मिळत नाही.

पेन ड्राइव्हवरून आलेली फाइल आहे, तेव्हा परवानगीही बघून घ्या. खाजगी किल्लीवर ६०० हवी, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल. आणि त्या पेन ड्राइव्हवर किल्लीची प्रत राहिली असेल तर ती आजच पुसा.

ग्रंथपाल_सावंतवाडी

झालं. पब फाइल बनवली, लॉगआउट करून परत आले. आरसिंक चालवलं तेव्हा या वेळी टर्मिनलऐवजी चौकट आली, खाली ती खूणही होती. पासफ्रेज घातला, खूण केली. आज चार वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली, वीस मिनिटांनी आली. लॉगिनचा पासवर्ड एकदा दिला, कोहा उघडलं, संध्याकाळी बॅकअपही काही न विचारता उतरला. पेन ड्राइव्हवर किल्लीची प्रत खरंच होती, ती पुसली.

सहायकांसाठी वेगळं खातं केलंय. त्यांचा कोहाचा लॉगिनही वेगळा दिला, त्यात फक्त देवघेव.

आणखी एक सांगायचं आहे. सीहॉर्स उघडलं होतं तेव्हा लॉगिन कीरिंगमधल्या सगळ्या नोंदी एकेक करून पाहिल्या. वाचनालयाचा वायफाय होता, क्रोमियमची ती सेफ स्टोरेज होती, आणि इव्होल्यूशन या मेलच्या प्रोग्राममधून साठवलेली एक मेलची नोंद होती. ती लिपिकांच्या घरच्या मेलची निघाली. एका बटणावर त्यांचा पासवर्ड दिसला असता. मी तो उघडला नाही. त्यांना पुन्हा फोन केला, त्यांच्यासमोर फोनवरच ती नोंद काढून टाकली, आणि मेलचा पासवर्ड बदलून घ्या म्हणून सांगितलं. त्यांना ती तिथे असल्याचं आठवतच नव्हतं. व्हिडिओ बघून मार्चमध्येच कीरिंगचा पासवर्ड रिकामा केला असता, तर गेले चार महिने ती नोंद साध्या अक्षरांत डिस्कवर पडून राहिली असती, आणि जूनमध्ये हाच लॅपटॉप आठ दिवस दुरुस्तीला होता.