परसात हॅमॉकसाठी लाकडी स्टँड करायचा आहे: लाकूड आणि मापे यांबाबत सल्ला हवा

जुळे_सोलापूरकर (प्रश्न):
आमच्या घरामागे साधारण अठरा फूट लांब आणि बारा फूट रुंद मोकळी जागा आहे. तेथे अकरा फूट लांबीची सुती हॅमॉक, म्हणजे मोठ्या माणसांची झोळी, टांगायची आहे. झाडे म्हणाल तर एक शेवगा आणि एक कढीपत्ता. पलीकडे चार इंची विटांची कंपाउंड भिंत. भिंतीत हूक ठोकून दुसरे टोक शेवग्याला बांधावे, असे घरच्यांचे मत आहे, पण मला दोन्हींचा भरवसा वाटत नाही. लोखंडी खांब काँक्रीटमध्ये पुरण्याचाही विचार झाला. मात्र जमीन काळी आहे. म्हणून उचलून हलवता येईल असा लाकडी स्टँड सुताराकडून करून घ्यावा म्हणतो. वजन ८० किलो धरावे. लाकूड कोणते, मापे किती आणि जोड खिळ्यांचे चालतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

होटगी_रोड:
तुमची शंका रास्त आहे. शेवग्याची फांदी कधी मोडेल याचा नेम नसतो आणि चार इंची भिंत वरचे वजन पेलते, आडवी ओढ नव्हे. झोळीची सारी गोम या आडव्या ओढीतच आहे. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर ८० किलोच्या माणसामुळे प्रत्येक बाजूच्या दोरावर ८० किलोचा ताण येतो आणि त्यातील सुमारे ७० किलो निव्वळ आतल्या बाजूची ओढ असते. तोच दोर ताणून कोन १५ अंशांवर आणला, तर एकेका बाजूचा ताण १५० किलोंच्या पुढे जातो. त्यामुळे झोळी तंग बांधली की मजबूत होते, हा समज सोडून द्यावा. सात फूट आडव्या अंतरामागे चार फूट उतार मिळाला, की ३० अंश जवळपास साधतात.

अकरा फुटी झोळीसाठी दोन हुकांमध्ये सुमारे साडेनऊ फूट अंतर आणि हुकांची उंची जमिनीपासून साडेचार फूट ठेवावी. माणूस झोपल्यावर झोळीचा तळ जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास राहतो. खांब सरळ उभे न करता बाहेरच्या बाजूला ३० अंश कलते ठेवावेत. एवढ्याने खांबाच्या बुडाशी येणारा वाकवणारा जोर सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. तळाची तुळई मात्र हुकांच्या थेट खालपर्यंत, म्हणजे दहा फुटांची घ्यावी, नाहीतर कोणी झोळीच्या एका टोकाशी बसले की अख्खा स्टँड त्या बाजूला उलटेल. तुळई ३ × ५ इंची असावी आणि तिची पाच इंचांची बाजू उभी ठेवावी. लाकूड तेवढेच लागते, पण आडव्यापेक्षा ताकद पावणेदोन पटीच्या जवळ जाते. दोन्ही टोकांना चार फुटी आडवे पाय द्यावेत.

खिळे अजिबात नकोत. झोळी हलते तेव्हा जोडावरचा ताण सारखा कमी-जास्त होतो आणि खिळा हळूहळू वर येऊ लागतो. १२ मिलिमीटरचे आरपार नट-बोल्ट आणि दोन्ही बाजूंना रुंद वॉशर वापरावेत. तिरका टेकू खांबाच्या आतल्या बाजूने द्यावा, कारण तेथे तो दाबला जातो; बाहेरून दिल्यास तो ओढला जाऊन सगळा भार बोल्टच्या भोकावर येतो.

मंगळवेढ्याकडचा:
वरील मापांशी सहमत आहे. लाकडाबाबत माझे मत असे, की तुळई आणि खांब सागवानी गाभ्याचे घ्यावेत आणि पाय व टेकू बाभळीचे करावेत. बाभूळ चिवट असते, बैलगाडी आणि औते तिच्यावरच चालली; पण दहा फुटांची सरळ बाभूळ शोधायला गेलात, तर वखारीतून रिकाम्या हाताने परताल. निलगिरीचे वासे स्वस्त पडतात, परंतु आपल्याकडच्या उन्हात ते पिळवटतात आणि तडकतात. कोणतेही लाकूड घ्या, ते पुरते वाळलेले आहे याची खात्री करून घ्या. ओल्या लाकडाचा स्टँड एप्रिल-मे महिन्यांत आकसतो आणि घट्ट बसवलेले बोल्ट हाताने फिरू लागतात.

खांब न पुरण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेला खांब या खेळात कलत जातो. स्टँडचे पायसुद्धा थेट मातीवर टेकवू नयेत. वाळवी तेथूनच चढते. शहाबादी फरशीचे तुकडे खाली घालावेत आणि पायांच्या बुडाची काप दिलेली बाजू, जिथे लाकडाचे रेषे उघडे पडतात, ती तेल पिईल तेवढे पाजून मगच टेकवावी.

जुळे_सोलापूरकर:
दोघांचेही मनापासून आभार. तेल म्हणजे गॅरेजमधले जळके ऑइल चालेल का? आणि झोळी बाजारातून न आणता आपल्या सोलापुरी चादरीचीच केली तर?

मंगळवेढ्याकडचा:
जळके ऑइल फक्त पायांच्या बुडाला लावा. वरच्या भागाला लावल्यास कपड्यांना डाग पडतील आणि वासही जाणार नाही. वर जवसाचे तेल दोन-तीन वेळा चोळणे चांगले.

साचेवाले_घर:
चादरीबद्दल मी सांगतो, आमच्या घरी यंत्रमाग आहेत. झोळीला भार ताण्याच्या, म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने लावलेल्या, धाग्यांनी पेलावा लागतो, म्हणून कापड ताण्याच्या दिशेने लांब असायला हवे. चादरीत ते तसे असते, पण लांबी तुमच्या झोळीपेक्षा बरीच कमी असल्याने वरची सगळी मापे बदलावी लागतील. शिवाय जेकार्डची, म्हणजे विणतानाच नक्षी काढणाऱ्या मागावरची, जाड वीण थंडीसाठी असते, वैशाखात तिच्यात झोपवणार नाही. अकरा फुटी झोळी आणली आहे, तीच वापरा.

होटगी_रोड:
एक राहिले. माणूस झोपण्याआधी झोळीत ५० किलोची सिमेंटची दोन पोती ठेवून रात्रभर तशीच राहू द्यावीत आणि सकाळी प्रत्येक जोड तपासावा. लहान मुले दोघे-तिघे मिळून झोके घेणार असतील, तर ८० किलोंचा हिशोब पुरणार नाही. तुळई ३ × ६ इंची करून घ्यावी.