मदत हवी आहे: वॅगन-आरच्या मागच्या चाकाचा स्टड (चाकाचा नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तुटला, घरी बदलता येईल का?

गाडी वॅगन-आर, 2014 ची. गेल्या महिन्यात खंबाटकी घाट उतरल्यावर मागचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने नट हाताने एक फेराही न फिरवता थेट नट आवळायची हवेची गन लावली. मी चहा पीत बघत होतो, चूक माझीही. परवा चाक काढायला घेतलं तर तीन नट सुटले, चौथा दोन फेरे फिरून अडकला. पान्याला पाईप लावून जोर दिला आणि कट्‌कन आवाज आला. नट हातात आला, त्यात स्टडचा तुकडा तिरपा रुतलेला.

सध्या चाक तीन नटांवर आहे, गाडी पार्किंगमध्येच उभी.

वर्कशॉपवाले म्हणतात, स्टड ज्यात बसतात तो ब्रेकचा ड्रमच बदला. एका स्टडसाठी अख्खा ड्रम? पटत नाही. माझ्याकडे जॅक, गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणि टॉर्क पाना (नट मोजून आवळायचा) आहे. पुढचे ब्रेक पॅड स्वतः बदललेत, पण मागचा ड्रम कधी उघडलेला नाही. ड्रम न काढता जुना स्टड आत ठोकून काढता येईल का? आणि नवा नटाने ओढून बसवला तर चालतो का?

दुकानदाराने एक स्टड दिलाय, पण तो पुढचा की मागचा हे त्यालाही सांगता येईना. स्टडच्या डोक्याखालचे, ड्रममध्ये घट्ट रुतणारे दातरे ताडून बघायचे तर जुना बाहेर काढायला हवा, आणि योग्य नवा हातात नसताना जुना काढायचा धीर होत नाही.

उत्तर:
ड्रम काढावाच लागेल. स्टडचं डोकं ड्रमच्या आतल्या बाजूला असतं, मागे ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे भाग) आडवे येतात. पुढच्या चाकांना अडणी लावा, मग हँडब्रेक सोडा, नाहीतर ड्रम हलणार नाही. मधल्या टोपीखालचा मोठा नट काढला की ड्रम बेअरिंगसकट येतो. तो नट परत जुनाच लावू नका.

ड्रमवर हातोडा तर अजिबात नको, बिडाचा असतो, तडकतो. लेथवाल्याकडे नेऊन प्रेसवर जुना काढून नवा बसवून घ्या, दहा मिनिटांचं काम. ओढूनच बसवायचा असेल तर खाली दोन-तीन वॉशर आणि वेगळा नट घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा 12 मिमीचा नट बसणार नाही, त्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.75 मिमी असतो, आपला 1.25. त्याच गनने बाकीचे तीनही आवळलेत, मी असतो तर चारही बदलले असते.

धागाकर्ता:
धन्यवाद! चारही बदलतो. मॅन्युअलमध्ये चाकाच्या नटाला 85 न्यूटन-मीटर दिलंय, तेवढंच आवळून शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासेन. मधल्या मोठ्या नटाचा आकडा मात्र त्यात नाही. कुणाकडे सर्व्हिस मॅन्युअल असेल तर पानाचा फोटो टाका, शनिवारी ड्रम उघडतोय.