रात्रीही घर तापलेले राहते. वयस्कर आईची किती काळजी करावी?

वऱ्हाडकर: माझी आई (वय 74) अकोल्यात वरच्या मजल्यावर एकटी राहते. आठवडाभर पारा 44 अंशांखाली उतरलेला नाही आणि दिवसभर तापलेला स्लॅब पहाटेपर्यंत धग सोडत असतो. "वऱ्हाडचं ऊन काय आम्हाला नवं आहे?" असे म्हणत ती रात्री दहालाच कूलर बंद करते. रक्तदाबासाठी तिला लघवीची गोळी चालू आहे. दुपारी ती घराबाहेर पडत नाही. मग धोका कितपत आहे?

निवृत्त परिचारिका: धोका रात्रीचाच अधिक आहे. उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला कातडीकडे जादा रक्त ढकलावे लागते. हा ताण रात्रीच्या गारव्यात उतरला नाही तर दिवसागणिक साचत जातो आणि उन्हात पाऊलही न टाकलेली माणसे चौथ्या-पाचव्या दिवशी घरातच कोसळतात. फ्रान्समध्ये 2003 च्या ऑगस्टमध्ये असे सुमारे 15,000 बळी गेले, त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. उतारवयात तहानही कमी लागते. त्यात लघवीच्या गोळीने पाणी आणि क्षार निघून जातात, म्हणून गोळीची मात्रा आणि पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना आजच विचारा. गोळी परस्पर बंद मात्र करू नका.

गच्चीवाला: कूलर रात्रभर चालू द्यावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो आणि घाम वाळेनासा होतो. गच्चीला पांढरा चुना द्यावा. 2010 च्या मे महिन्यातील जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे तेथे वस्त्यांमधील छपरे पांढरी रंगवण्यात आली. खर्च किरकोळ आहे, फरक हाताला जाणवतो.

निवृत्त परिचारिका: एक राहिले. खिशातल्या कांद्यावर विसंबू नये. पन्हे, ताक जरूर द्यावे. आई असंबद्ध बोलू लागली किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असला तरीही. या तापावर पॅरासिटामॉल चालत नाही. 108 ला फोन करून लगेच अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. एकट्या माणसाला हे स्वतःचे स्वतः कळत नाही, तेव्हा घराची एक किल्ली शेजारी देऊन ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ कोणीतरी डोकावेल अशी व्यवस्था करा.