तेरेझीनमधले संगीत निव्वळ देखावा नव्हते

तेरेझीन या आजच्या चेकियातल्या गावी नाझींनी ज्यूंना डांबलेल्या छावणीतले नाट्य-संगीत हा नाझींनीच उभा केलेला देखावा होता, असे या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे. जून १९४४ मध्ये रेड क्रॉसच्या पाहणीच्या वेळी त्याचा तसा वापर झाला, हे खरेच. पण संगीतकार व्हिक्टर उल्मान आणि संहितालेखक पेटर कीन या ज्यू कैद्यांनी तिथेच रचलेल्या ‘अटलांटिसचा सम्राट’ या संगीतिकेला हे विधान मुळीच लागू पडत नाही. तिच्यात सम्राट सर्वांविरुद्ध सर्वांचे युद्ध पुकारतो, तेव्हा अपमानित झालेला मृत्यू चक्क संपावर जातो, कोणी मरेनासे होते, आणि पहिला बळी सम्राटाचा असेल या अटीवरच तो कामावर परततो. सम्राटाच्या पदव्यांची लांबलचक जंत्री ढोलवाली गाऊन दाखवते, त्या वेळी जर्मन राष्ट्रगीताची चाल वेडीवाकडी होऊन कानांवर पडते. याहून उघड निषेध कैदेत राहून कोणी काय करणार? तालमी १९४४ मध्ये झाल्या, प्रयोग मात्र होऊ शकला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोघांनाही ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेण्यात आले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. उल्मान यांनी हस्तलिखिते तेरेझीनमध्येच मागे ठेवली होती, म्हणून १९७५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला प्रयोग होऊ शकला.