विषारी झाडांचं पोस्टर: नावं आणि फोटो टाकावेत का?

रानवाटा: आरोग्य केंद्रासाठी विषबाधेचं पोस्टर करतेय. काहींचं म्हणणं, झाडाचं नाव, फोटो, कोणता भाग घातक हे सगळं द्या, लोक सावध होतील. इतरांना भीती की त्यातूनच कुणाला कल्पना सुचेल. आणि प्रथमोपचारात मिठाचं पाणी लिहू का?

विषवैद्य: मिठाचं पाणी काढाच. उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं सोडियम वाढून मीठच जीव घेऊ शकतं. गुंगीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते ते वेगळंच. दूध, तूप, लिंबू यांनीही विष उतरत नाही. तोंडातले तुकडे काढा, चूळ भरायला लावा. गुंगी असेल तर कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा. झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या आणि वेळ लिहून ठेवा.

उलट्या थांबल्या म्हणून घरी ठेवणं ही नेहमीची घोडचूक. काही वनस्पतींचं विष हृदयाचे ठोके बिघडवतं, तेही काही तासांनी. त्यामुळे तब्येत ठीक वाटली तरी ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी हवी, आणि निदान २४ तास देखरेख. पहिल्या तासात औषधी कोळशाची पूड (अॅक्टिवेटेड चारकोल, मोठ्यांना साधारण ५० ग्रॅम) उपयोगी पडते, पण ती रुग्णालयातच, रुग्ण शुद्धीवर आहे का ते आणि श्वासमार्ग तपासून. ठोके मंदावले तर ते वाढवणारं औषध, अॅट्रोपिन. ज्या विषावर प्रतिविष आहे ते सगळीकडे मिळत नाही, म्हणून मोठ्या रुग्णालयात लवकर पाठवावं.

सांगावा: नावांबद्दल: दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. लहान मुलांच्या पालकांना अंगणातली झाडं समोर दाखवून समजवा. सार्वजनिक पोस्टरवर नाव, फोटो, मात्रा काही नको. श्रीलंकेतल्या जाफन्यात १९८० च्या सुमारास विषारी झाडाने आत्महत्या झाल्याच्या एका घटनेचा गाजावाजा झाला. त्याआधी अशा घटना क्वचित होत्या, नंतर श्रीलंकेत त्याच झाडाचे रुग्ण वर्षाला हजारोंनी येऊ लागले. घातक कीटकनाशकांवर बंदी घालून तिथे आत्महत्या घटल्या, पण कुंपणातल्या झाडावर बंदी कशी घालणार?

रानवाटा: मग पोस्टरवर ठेवू तरी काय? पोलिसांच्या धास्तीने लोक रुग्णालयातच आणत नाहीत.

सांगावा: धास्तीचं कारण नाही, तेच मोठ्या अक्षरात लिहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरतं. नोंद होते, पण प्रयत्नाबद्दल त्याला शिक्षा नाही.

आणि डिस्चार्जआधी सरळ विचारायला शिकवा: ‘जीव द्यावा असं वाटतंय का?’ विचारल्याने विचार डोक्यात येत नाही. ‘लक्ष वेधायला केलं’ हे वाक्य मात्र कुणीही उच्चारू नये. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांवरच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या एका चाचणीत, ज्यात चेन्नईही होतं, तासभराचं बोलणं आणि १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा भेट एवढ्यावर पुढचे आत्महत्येचे मृत्यू कमी झाले. पहिल्या तीन महिन्यांतच यातले पाच संपर्क होते. आशाताईंच्या डायरीत तारखा आधीच घालून द्या.

तळाशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर: १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात.