उन्हाळी शिबिर संपल्यानंतर वर्षभर मुलांशी आणि पालकांशी संपर्क कसा टिकवावा? (सल्ला हवा आहे)

तंबूवाला:

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून दर उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवसांचे निवासी शिबिर भरवतो. शिबिरार्थी साधारणपणे ९ ते १५ वयाचे असतात, आठ-दहा मुलांची एक तुकडी असते आणि प्रत्येक तुकडीला एक ताई किंवा दादा नेमून दिलेला असतो. शिबिर चालू असताना काही अडचण नसते. निरोपाच्या दिवशी मुले एकमेकांच्या वह्यांत नंबर लिहून घेतात, पुन्हा भेटण्याच्या आणाभाका होतात आणि त्यानंतरचे साडेअकरा महिने जवळजवळ सगळे शांत होते.

पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पहिले दोन आठवडे तो फोटोंनी ओसंडून वाहतो; त्यानंतर तेथे सुप्रभातचे संदेश आणि कोणाच्या तरी हरवलेल्या पाण्याच्या बाटलीची चौकशी एवढेच उरते. थेट पुढच्या नोंदणीच्या वेळी आम्ही पुन्हा तोंड उघडतो, त्यामुळे आमची आठवण फक्त शुल्काशी जोडली जाते की काय, अशी शंका येते. मुले वेगवेगळ्या गावांतून येतात आणि आमच्याकडे पूर्ण वेळ काम करणारे कोणीही नाही. दोघे-तिघे जण फावल्या वेळात जेवढे करू शकतील, तेवढेच शक्य आहे. संपर्क किती वेळा साधावा, कोणत्या मार्गाने साधावा आणि मुलांशी थेट बोलावे की पालकांमार्फत, याबद्दल अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना संयोजक:

आपण संपर्क कमी पडतो असे म्हणता, पण माझ्या मते आपला संपर्क चुकीच्या पातळीवर होतो आहे. जेफ्री हॉल या संशोधकाने २०१८ मध्ये मैत्रीला लागणाऱ्या वेळाचा अंदाज मांडला होता: नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. हा अभ्यास मोठ्या माणसांचा होता, तेव्हा आकडे मुलांना जसेच्या तसे लावू नयेत. तरीही दहा दिवस, रोज जागेपणीचे चौदा तास असा हिशेब केला तर १४० तास होतात. म्हणजे निरोपाच्या दिवशी मुलांची मैत्री झालेलीच असते आणि आपल्याला ती फक्त जागती ठेवायची असते. मात्र हे तास मुलाने संपूर्ण शिबिरासोबत घालवलेले नसतात, ते आपल्या तुकडीतल्या आठ-नऊ जणांसोबत घालवलेले असतात. शंभर घरांना एकच संदेश पाठवल्यावर कोणीच उत्तर देत नाही, याचे कारण तो संदेश कोणा एकाला उद्देशून नसतो. म्हणून वर्षभराचा संपर्क तुकडीच्या पातळीवर चालवावा आणि संयोजकांनी फक्त वेळापत्रक सांभाळावे.

थोडे विषयांतर करतो. आधुनिक उन्हाळी शिबिरांची सुरुवात बहुधा फ्रेडरिक गन यांच्यापासून सांगितली जाते. कनेक्टिकटमधील आपल्या निवासी शाळेतील मुलांना घेऊन त्यांनी १८६१ साली समुद्रकिनारी तळ ठोकला होता. ती मुले शिबिर आटोपल्यावर पुन्हा एकाच शाळेत परतली, त्यामुळे आपल्याला पडलेला प्रश्न त्यांच्यासमोर नव्हताच. वेगवेगळ्या गावांतील, वेगवेगळ्या शाळांतील मुले आपण एकत्र आणू लागलो, तेव्हापासून तो उभा राहिला.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. वर्षभराची सगळी तयारी शिबिराच्या शेवटच्या दोन दिवसांतच उरकून घ्यावी, कारण मुले घरी गेल्यावर एक पत्ता मिळवायलाही चार फोन करावे लागतात. संमतिपत्रावर पालकांची सही, टपालाचा पत्ता आणि तुकडीच्या पुढच्या भेटीची तारीख या तिन्ही गोष्टी निरोपाआधी हातात असल्या पाहिजेत. ‘लवकरच भेटू’ असे म्हणणाऱ्या तुकड्या भेटत नाहीत, तारीख ठरवून उठलेल्या तुकड्या बहुधा भेटतात.

सर्वांत उपयोगी पडलेला उपक्रम म्हणजे स्वतःला लिहिलेले पत्र. शेवटच्या आदल्या दुपारी प्रत्येक मुलाला एक कागद आणि पाकीट द्यावे, पुढच्या वर्षीच्या स्वतःला जे सांगायचे आहे ते लिहू द्यावे आणि पाकीट त्याच्यासमोर बंद करून घ्यावे. ही पाकिटे वर्षाच्या मध्यावर, म्हणजे मागचे शिबिर विसरत चालले आहे आणि पुढचे अजून लांब आहे अशा काळात, टपालात टाकावीत. पत्ता मुलांकडून लिहून घेऊ नये. नऊ वर्षांच्या मुलाच्या अक्षरातला पिनकोड पोस्टमनला लागत नाही. छापील चिठ्ठी चिकटवावी. पाकिटासोबत तुकडीच्या ताईने किंवा दादाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळींचे कार्ड जोडावे आणि त्या ओळी त्या मुलाबद्दलच असाव्यात: ‘दोरीच्या पुलावर तू दोनदा मागे फिरलीस आणि तिसऱ्यांदा पलीकडे जाऊन उभी राहिलीस, ते मला अजून आठवते.’ असे लिहायचे तर शिबिर चालू असतानाच रोज रात्री प्रत्येक मुलाविषयी एक ओळ टिपून ठेवावी लागते. सहा महिन्यांनी आठवून लिहायला बसले की ‘तू खूप छान मुलगा आहेस’ याच्यापुढे लेखणी सरकत नाही.

दोन मुलांची आई:

वरील सल्ला उत्तम आहे, परंतु पालक म्हणून काही गोष्टी आधीच स्पष्ट कराव्याशा वाटतात. व्हॉट्सॲप वापरण्यासाठी किमान वय १३ आहे, तेव्हा आपल्या निम्म्याअधिक शिबिरार्थींचा ग्रुप तेथे करताच येणार नाही. अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्यासाठी पालकांची संमती घ्यावी लागते आणि तो कायदा १९९८ चा आहे. युरोपात २०१८ पासून ही वयोमर्यादा १६ आहे आणि प्रत्येक देशाला ती १३ पर्यंत खाली आणण्याची मुभा आहे. भारताच्या २०२३ च्या कायद्यात तर १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूलच धरला आहे. आपण कोठेही असलात तरी सर्वांत कडक नियम पाळून चालावे, म्हणजे पुढे कटकट राहत नाही. फोटोंची संमती वेगळी घ्यावी आणि ‘फक्त पालकांना दाखवण्यासाठी’ व ‘जाहिरातीसाठी’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत. पहिल्याला होकार देणारे अनेक पालक दुसऱ्याला नकार देतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ताई-दादांनी मुलांशी एकट्याने, खासगी संदेशांतून बोलू नये. अमेरिकेतील स्काउट संघटनेत प्रौढ आणि मूल यांनी एकांतात भेटण्यास जशी मनाई आहे, तशीच ती ऑनलाइन संभाषणालाही लागू आहे. प्रत्येक संदेशात दुसरे कोणी जबाबदार प्रौढ माणूस किंवा पालक असावे लागतात. हा नियम अविश्वासातून आलेला आहे असे काही दादांना वाटते. खरे पाहता त्याने मुलाइतकेच त्यांचेही संरक्षण होते आणि रात्री अकरा वाजता आलेल्या भावनिक संदेशाला एकट्याने उत्तर देण्याचे ओझे वीस वर्षांच्या मुलावर पडत नाही.

आपल्या पालकांच्या ग्रुपबद्दल सांगायचे तर तो सूचनांपुरता करावा आणि लिहिण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवावा. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतील घोषणा विभागात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, हा एक फायदा आहे. ब्रॉडकास्ट यादीच्या वाटेला जाऊ नये; ज्या पालकांनी आपला नंबर जतन केलेला नाही, त्यांना तो संदेश पोहोचतच नाही आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तंबूवाला:

दोघांचेही मनापासून आभार. तुकडीच्या पातळीवर काम करण्याचा मुद्दा पटला. ऑनलाइन भेटींबद्दल कोणी सांगू शकेल का? आमच्याकडे एकदा सर्व शिबिरार्थींची भेट घेतली होती, परंतु बहुतेकांनी कॅमेरे बंद ठेवले आणि तीन धीट मुलेच बोलत राहिली.

तुकडी चारची ताई:

शंभर जणांच्या पडद्यावर लाजरे मूल बोलणार नाही, हे गृहीतच धरावे. एका वेळी एकच तुकडी बोलवावी, सोबत दोन प्रौढ असावेत आणि वेळ पाऊण तासाच्या आत ठेवावा. झूमच्या फुकट खात्याला ४० मिनिटांची मर्यादा आहे, ती येथे पथ्यावरच पडते. मुले कंटाळण्याआधी भेट संपते आणि निरोप लांबत नाही.

‘मग, काय नवीन?’ असे विचारून सुरुवात करू नये. या प्रश्नाला मुलांकडे ‘काही नाही’ हे एकच उत्तर असते. हाताला काहीतरी काम द्यावे. प्रत्येकाने दोरीचा तुकडा घेऊन बसायचे आणि शिबिरात शिकवलेली गाठ न बघता बांधून दाखवायची, किंवा प्रत्येकाने आपल्या खिडकीतून त्या क्षणी दिसणाऱ्या आकाशाचे वर्णन करायचे आणि इतरांनी दिशा ओळखायची. हात गुंतले की तोंडे आपोआप उघडतात. शिबिराची गाणी ऑनलाइन एकत्र म्हणण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि दुसऱ्या ओळीतच सगळा गोंधळ होतो. त्याऐवजी एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून हातवारे करावेत. आमच्याकडे या प्रकाराला मूळ गाण्यापेक्षा जास्त हशा मिळतो.

अंतरावरून एकत्र येण्याची कल्पना नवी नाही. जगभरचे स्काउट १९५० च्या दशकापासून हौशी रेडिओवरून आणि नंतर इंटरनेटवरूनही दर ऑक्टोबरमध्ये एकमेकांशी बोलतात. तो मेळावा दरवर्षी त्याच सुमारास येतो आणि मुले त्याची वाट पाहतात. आपणही तुकडीच्या भेटींना वर्षातील ठरावीक वेळ द्यावी, मनात आले की बोलावले असे करू नये.

माजी शिबिरार्थी:

मी शिबिरार्थी म्हणून सात उन्हाळे काढले आहेत, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. आमच्या शिबिराकडून येणाऱ्या ईमेलखाली ‘आपला शिबिर परिवार’ अशी सही असे आणि सहीच्या वर नोंदणीची लिंक असे. मुलांना हे कळते. संपर्काच्या पत्रात नोंदणीचा उल्लेखही करू नये आणि नोंदणीचे पत्र सरळ नोंदणीचेच असावे. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या वेळी कार्डसुद्धा जाहिरात समजून बाजूला टाकले जाते.

दुसरे असे की पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांचा विचार या धाग्यात अजून कोणी केलेला नाही. ती शिबिरार्थी होण्यास मोठी आणि दादा होण्यास लहान असतात. मधल्या दोन-तीन वर्षांत ती तुटतात आणि मग ताई-दादा मिळत नाहीत म्हणून संयोजक धावाधाव करतात. ज्यांना शिबिर सर्वांत जास्त ठाऊक आहे, त्यांनाच आपण वयाचे कारण सांगून दाराबाहेर ठेवतो. त्यांना वर्षभराचे काम द्यावे. प्रथमच येणाऱ्या प्रत्येक मुलाला शिबिराआधी एक पत्र जावे आणि ते अशा मुलाने लिहिलेले असावे, अर्थात संयोजकांच्या नजरेखालून गेलेले. पहिल्या रात्री झोप लागत नाही, टॉर्च उशाशी ठेवावा, तिसऱ्या दिवसापासून घरची आठवण कमी होते, अशा गोष्टी संयोजकांच्या माहितीपत्रकात नसतात. वार्षिक पत्रिका काढायची असेल तर तीही यांच्याकडेच सोपवावी. शुद्धलेखन तपासण्यापलीकडे मोठ्यांनी तिला हात लावू नये.

ओळख जुनी झाली की आता मध्येच कसे लिहावे, असा संकोच वाटतो. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की अचानक विचारपूस केल्यावर समोरच्याला किती बरे वाटेल, याचा अंदाज लिहिणारे लोक कमीच करतात. तेव्हा वर्षभर काहीच केले नसेल, तरी आज पाठवलेले कार्ड उशिराचे ठरत नाही.

शेकोटीजवळचा:

मी थोडे विरोधी मत मांडतो. शिबिराची ओढ बरीचशी त्याच्या दुर्मीळपणातच असते. दर आठवड्याला काहीतरी येत राहिले तर मुले उत्सुक होण्याऐवजी सरावतात. वर्षातून चार वेळा पुरे: शिबिरानंतर तीन आठवड्यांनी फोटो, मग तुकडीची भेट, मध्यावर पत्र आणि शिबिराच्या दोन महिने आधी पुन्हा एक भेट. दोघा-तिघांना एवढेच न चुकता झेपेल. बारा उपक्रम जाहीर करून पाच पार पाडण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

प्रत्यक्ष स्नेहमेळाव्याबद्दल एक सावधगिरी बाळगावी. प्रवासखर्च न झेपणारी मुले येत नाहीत आणि नंतर तेथले फोटो पाहून त्यांना आपण वगळले गेल्याची जाणीव होते. मेळावा घ्यायचाच असेल तर जवळजवळच्या गावांतील मुलांचे लहान मेळावे घ्यावेत, खर्चाची सोय न मागता करावी आणि त्या दिवसाचे फोटो सर्वांच्या ग्रुपवर टाकू नयेत.

तंबूवाला:

चार वेळांचे हे वेळापत्रक आमच्या आवाक्यातले आहे. ताई-दादांशी बोलून या वर्षी तेवढेच धरतो. एकच प्रश्न राहिला. जे मूल पुढच्या वर्षी येणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, त्याला पत्र आणि भेटीचे निमंत्रण पाठवत राहावे का?

जुना संयोजक:

अवश्य पाठवावे. तुकडीतून एक नाव गळल्याचे उरलेल्या मुलांच्या लगेच लक्षात येते. येणाऱ्यांना पत्र आणि न येणाऱ्यांना काहीच नाही असे झाले, तर माजी शिबिरार्थींनी वर लिहिलेली शंका खरीच ठरेल. त्या वर्षाचे सर्व संपर्क त्याला मिळावेत. पुढचे शिबिर सुरू झाले की पालकांना एकदा विचारावे: माजी शिबिरार्थींच्या यादीत नाव ठेवायचे आहे का? होकार आला तर त्या यादीत घ्यावे. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर पत्ता, नंबर आणि त्या मुलाविषयीची टिपणे काढून टाकावीत. त्याचे स्वतःला लिहिलेले पत्र मात्र कोणत्याही कारणाने राहून गेले असेल, तर ते न उघडता आधी टपालात टाकावे.