यू नसताना क्यू कुठे लावायचा? स्क्रॅबलवाल्यांची मदत हवी आहे

मंडळी, रोज रात्री जेवणं झाली की मी आणि आई स्क्रॅबल (इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स बोर्डवर लावून शब्द बनवायचा खेळ) खेळतो. काल शेवटी माझ्याकडे क्यू, आय, ए, टी एवढंच उरलं, चारही यू बोर्डवर गेलेले, कुठलंही अक्षर म्हणून चालणाऱ्या दोन्ही कोऱ्या टाइल्स पण संपलेल्या, मी नुसता बघत बसलो आणि तेवढ्यात आईने तिची शेवटची टाइल लावून टाकली. हातात उरलेल्या एकट्या क्यूचे माझे 10 गुण वजा झाले, तिला 10 मिळाले, म्हणजे सरळ 20 चा फटका! नंतर कळलं की क्यू-आय हा दोनच अक्षरांचा शब्द चालतो, क्यू-ए-टी पण चालतो, आणि आपला फकीर पण आहे, एफ-ए-क्यू-आय-आर. इतकं वाईट वाटलं ना.

तर यू शिवाय क्यू असलेले अजून चार-पाच अक्षरी शब्द कोणाला पाठ आहेत का? प्लीज अर्थासकट सांगा, आईला अर्थ कळल्याशिवाय शब्द पटत नाही (बरोबरच आहे तिचं). आणि पाच अक्षरी, तिसरं क्यू, असं टाकून शब्द शोधता येईल असं नेटशिवाय चालणारं अ‍ॅप कोणी वापरतं का? खेळताना नाही बघणार, दुपारी प्रॅक्टिसला हवंय.